आत्याचा चेहरा, दोन मीटरवरून

११ जानेवारी, काचीगुडा, हैदराबाद
आत्याकडचं हळदीकुंकू १८ला. येणाऱ्यांतल्या बऱ्याच जणी सत्तरीच्या पुढच्या. एकेकीचा नीट फोटो काढून द्यायचा, असं मी कबूल केलंय. सोनीच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यासाठी झूम घ्यायचीच आहे, म्हणून दोन लेन्सा भाड्याने आणल्या: टॅमरॉनची २८-७५, एफ २.८, वजन ५४० ग्रॅम; आणि सोनीची २४-१०५, एफ ४, वजन ६६३ ग्रॅम.

१३ जानेवारी, लाड बाजार
लाखेच्या बांगड्या करणारे चाचा. निखाऱ्यावर मऊ झालेल्या लाखेचं कडं वळवून त्यात एकेक खडा चिमट्याने बसवत होते. मी २८वर अगदी तोंडाशी गेले. "आपा, इत्ता नजदीक नक्को आओ, हाथ हिलता मेरा." मागे सरून १०५ लावली. चाचांचे खांदे सैल पडले, पुन्हा खड्यांत रमले.

घरी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. पहिल्यात नाक फुगलेलं, कान मागे पळालेले. दोष लेन्सचा नाही, अर्ध्या मीटरवर उभं राहण्याचा आहे. चेहऱ्याची ठेवण अंतर ठरवतं, लेन्स फक्त चौकट आखते. दोन मीटरच्या आत यायचं नाही, हे आज पक्कं केलं.

१४ जानेवारी, संक्रांत
गच्चीवर पतंगांचा नुसता कल्ला. कोपऱ्यात बसून हिशेब केला. ७५ला २.८ने भागलं तर लेन्सच्या छिद्राचा व्यास २६.८ मिमी, १०५ला ४ने भागलं तर २६.२५. म्हणजे चेहरा चौकटीत तेवढाच ठेवला, तर लांबची पार्श्वभूमी दोन्हींत जवळपास सारखीच विरघळते. एफ ४ पोर्ट्रेटला चालत नाही, असं सरसकट सांगतात ते खरं नाही. फरक उजेडाचा: २.८वर दुप्पट येतो.

१६ जानेवारी
आज लाला दीनदयाळ वाचत बसले. इंदूरला होळकरांच्या आश्रयाने पुढे आलेला हा माणूस सहाव्या निजामांचा दरबारी छायाचित्रकार झाला. १८९२मध्ये त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि कारभार एका युरोपीय बाईकडे सोपवला. समोरची बाई अवघडून बसली तर फोटो फुकट, हे त्यांनी ओळखलं होतं. मला त्यांचं हेच सगळ्यात मोठं वाटतं.

१८ जानेवारी, रात्री
दिवाणखान्यात भिंतीपासून खुर्चीपर्यंत जेमतेम सव्वादोन मीटर. १०५वर डोकं आणि खांदे मावले, पण मांडीवरचं वाण आणि तिळगुळाची वाटी बाहेर राहिली. उजेड एका ट्यूबचा. शटर १/१२५ ठेवलं तर एफ ४ला आयएसओ ६४०० लागत होता, २.८ला ३२००. ६४००वर आत्याच्या डोळ्यांखालच्या बारीक सुरकुत्या पुसट झाल्या. त्याच तर मला हव्या होत्या!

मग रात्रभर २८-७५च. तिच्यावर ७५ला, दोन मीटरवरून, एफ २.८वर साधारण १२ सेंटीमीटरची खोली स्पष्ट येते: डोळे, नाक, नथ, कुंकू. कानामागचा अंबाडा किंचित धूसर. चेहऱ्याला तेवढं पुरतं.

१९ जानेवारी
उघड्यावर, बाजारात, लग्नाच्या मांडवात काम असेल तर २४-१०५ घ्यावी. माझं काम जुन्या घरांतल्या छोट्या खोल्यांत आहे, म्हणून २८-७५. आज दोन्ही लेन्सा परत केल्या आणि २८-७५ची नवी मागवली. आत्याचा फोटो ८ बाय १२ प्रिंटला टाकला आहे.