सिरसाळा ते अगत्ती

सिरसाळ्याहून परळी, अंबाजोगाई, लातूर, औसा, तुळजापूर करत सोलापूर गाठायला एसटीने दिवसाचा बराचसा भाग जातो. डिसेंबरात रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, त्यामुळे आणखी उशीर. लातूरला धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी विमान नाही. सोलापूरच्या होटगी रोड विमानतळावरून मात्र 9 जून 2025 ला ‘फ्लाय 91’ या छोट्या कंपनीचं गोव्याचं विमान सुरू झालं. हीच कंपनी गोव्याहून लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर जाते. म्हणजे परळी तालुक्यातल्या माणसाला अरबी समुद्रातलं बेट आता दोन विमानांच्या अंतरावर आलं आहे. बेट तर मला पाहायचंच होतं, पण ज्यांचं घरदार तिथे आहे ती माणसं ये-जा कशी करतात, याची ओढ जास्त होती.

वाट पाहणं आम्हाला नवं नाही. नगर-बीड-परळी हा 261 किलोमीटरचा रेल्वेमार्ग 1995 मध्ये मंजूर झाला आणि बीडहून नगरची प्रवासी गाडी सुटली ती 17 सप्टेंबर 2025 ला. सिरसाळा त्याच मार्गावर बीडच्या पुढे आहे. गाडी नसली की गावातल्या माणसाचं काय काय अडतं, हे मला कुणी समजावून सांगायला नको.

सोलापूर-गोवा प्रवास चटकन आटोपला. गोव्यातल्या मोपा विमानतळावर पुढच्या विमानासाठी बसने धावपट्टीकडे नेलं आणि एटीआर 72 जवळून पाहायला मिळालं. सत्तरएक आसनांचं, पंख्याचं विमान. प्रत्येक इंजिनाला सहा पाती. चढायचं मागच्या दारातून. दार खाली उघडलं की त्याच्याच आतल्या बाजूला पायऱ्या असतात, वेगळा जिना लागत नाही. सामानाचा कप्पा पुढे, वैमानिकांच्या पाठीशी. माणसं मागून चढत असताना विमानाने शेपटीवर बसू नये म्हणून शेपटीखाली एक दांडा टेकवलेला होता. सगळे स्थिरस्थावर झाल्यावर एका कामगाराने तो काढून नेला. पंख वर आणि खिडक्या खाली, त्यामुळे खालचं सगळं दिसतं. माझ्या खिडकीतून तर चाकही दिसत होतं, उडताना पोटात दुमडलं जाणारं.

विमान पुष्कळ खालून जातं. किनारा सुटल्यावर तासभर नुसता समुद्र, अधूनमधून एखादं जहाज. मग पाण्याचा रंग बदलला. गडद निळ्यात एक फिकट हिरवा पट्टा उमटला, त्याला पांढऱ्या फेसाची कड, आणि मधोमध नारळांची लांबट रांग. तेच अगत्ती. दक्षिण टोकाला बेट इतकं निमुळतं होतं की धावपट्टीने त्याची जवळजवळ सगळी रुंदी व्यापली आहे. चाकं टेकेपर्यंत दोन्ही खिडक्यांतून पाणीच दिसत होतं. टेकताच पात्यांचा आवाज एकदम वाढला, सगळे पुढे ओढले गेलो आणि विमान थांबलं. धावपट्टी जेमतेम 1200 मीटरची आहे. एटीआरलासुद्धा इथे वजनावर मर्यादा घालून उडावं लागतं. सामान तोलताना कर्मचारी इतके काटेकोर का असतात, ते इथे कळतं.

ही धावपट्टी 1988 मध्ये सुरू झाली. लहान गावांना विमानाने जोडण्यासाठी 1981 मध्ये स्थापन झालेल्या सरकारी ‘वायुदूत’चा तो काळ. त्याआधी कोचीचं जहाज हाच मुख्य मार्ग होता, आणि आजही बहुतेकांचा तोच आहे. एका रात्रीहून जास्त प्रवास. बऱ्याच बेटांवर मोठं जहाज प्रवाळाच्या कडेबाहेर थांबतं आणि माणसं लहान बोटीत उतरतात. पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना, म्हाताऱ्या माणसाला किंवा गरोदर बाईला त्या हलत्या बोटीत उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ. लक्षद्वीपमध्ये 36 बेटं, वस्ती 10 बेटांवर, आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 64,473. या सगळ्यांसाठी विमानाची धावपट्टी अगत्तीची. विमान गाठायचं तर बाकीच्या बेटांवरची माणसं बोटीने किंवा हेलिकॉप्टरने आधी इथे येतात.

ज्यांच्या घरी उतरलो ते गृहस्थ ट्यूना पकडणाऱ्या बोटीवर कामाला होते. आमचं बोलणं हिंदीत. “जहाज आमचं आहे, स्वस्त आहे,” ते म्हणाले, “पण दुखणं जहाजाचं वेळापत्रक बघून येत नाही.” गावातून चालताना घराघरापुढे मासे वाळत घातलेले दिसले. नारळ सोडले तर शेती जवळजवळ नाही. तांदूळ, भाजी, औषधं, सिमेंट सगळं बाहेरून येतं.

परतीला मी मुद्दाम कोचीचं विमान घेतलं. गोव्याच्या विमानात पर्यटक जास्त होते. ‘अलायन्स एअर’च्या कोचीच्या विमानात बेटावरचीच माणसं बरीच दिसली. केरळातल्या कॉलेजांत शिकणारी मुलं, काथ्याच्या दोरीने बांधलेले खोके, कडेवरची लेकरं. माझ्या शेजारचे आजोबा मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट घेऊन बसले होते. हवाईसुंदरीने ते वरच्या कप्प्यात ठेवायला मागितलं, त्यांनी मान हलवून नकार दिला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं. आमच्याकडची माणसं अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जाताना एसटीत कागदांची पिशवी अशीच छातीशी धरून बसतात. आजोबांच्या मुलाने सांगितलं, हृदयाची तपासणी आहे, संध्याकाळी डॉक्टरांची वेळ आहे. जहाजाने ही वेळ गाठायची तर आदल्या दिवशीच निघावं लागलं असतं, तेही त्या दिवशी जहाज असेल तर.

हे विमान म्हणजे बेटाची एसटी आहे, आणि तिचा हिशेबही एसटीसारखाच व्हायला हवा. केंद्राच्या ‘उडान’ योजनेत ज्या मार्गावर पुरेशी कमाई होत नाही तिथे कंपनीची तूट सरकार भरून देतं, पण ती तीन वर्षांपुरती. पुढे काय होतं ते महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात आहे: मंजूर 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, त्यातले 112 तीन वर्षं टिकले आणि मार्च 2023 पर्यंत त्यापुढे चालू राहिले फक्त 54. एखाद्या जिल्ह्याच्या गावाला विमान बंद झालं तर रेल्वे असते, रस्ता असतो. बेटाला समुद्राशिवाय दुसरं काही नाही. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे जेमतेम 2.7 किलोमीटर अंतराचं विमान लोगनएअर ही कंपनी चालवते. तिथली स्थानिक परिषद अशा बेटांमधल्या फेऱ्यांसाठी रीतसर करार करून पैसा देते. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण त्यातून जातात आणि त्या मार्गाने फायदा कमवावा अशी कुणाची अपेक्षा नसते.

आपल्याकडेही बेटांच्या मार्गांना तीन वर्षांची मुदत लावू नये. त्यांचा खर्च दरवर्षीच्या अंदाजपत्रकात कायमचा धरावा, आणि प्रत्येक फेरीत रुग्णांसाठी व विद्यार्थ्यांसाठी काही जागा परवडणाऱ्या दरात राखून ठेवाव्यात.