सोबतीचे वय

सकाळच्या लोकल सुटून गेल्या की अंबरनाथ-बदलापूरची निम्मी घरे वृद्धांच्या ताब्यात येतात. मुले-सुना मुंबईला, नातवंडे शाळेत. रात्री आठ-नऊपर्यंत घरात बोलायला माणूस नसतो. त्यामुळे आई गेल्यानंतर माझ्या वडिलांनी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, कुत्रा पाळण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा मला नवल वाटले नाही. काळजी मात्र वाटली. ते अंबरनाथला तिसऱ्या मजल्यावर राहतात, इमारतीला लिफ्ट नाही, आणि स्टेंट बसवल्यापासून त्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. मी बदलापूरला, मनात आले तरी लगेच पोहोचणे होत नाही.

नातेवाइकांचा सल्ला एकच होता : पिल्लू आणा, लळा लवकर लागतो. वृद्धांच्या बाबतीत हा सल्ला मला उफराटा वाटतो. पिल्लू दिवसातून अनेकदा बाहेर न्यावे लागते, ते हातांना चावते, पायांत घोटाळते. शिवाय नीट सांभाळलेले गावठी कुत्रे बारा-चौदा वर्षे सहज जगते. सत्त्याहत्तरात चौदा मिळवून पाहावेत. अशा घराला सहा-सात वर्षांचे, स्वभाव कळून चुकलेले जनावर शोभते. मात्र बहुतेकांना पिल्लूच हवे असल्याने दत्तक घेताना प्रौढ जनावरांकडे फारसे कोणी वळत नाही.

पायांत घोटाळणे ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या पाहणीनुसार २००१ ते २००६ या काळात तेथे कुत्र्या-मांजरांमुळे पडून जखमी होणाऱ्यांची संख्या वर्षाला सरासरी ८६ हजारांवर होती आणि दुखापतीचे प्रमाण पंचाहत्तरी ओलांडलेल्यांत सर्वाधिक होते. आमच्याकडे तर तीन मजल्यांचा जिना, तोही दिवसातून तीन-चार वेळा, हातात ओढणारा पट्टा घेऊन! कुत्र्याचा विचार तेथेच थांबला. वडील दोन दिवस अबोल होते. मांजर घराची असते, माणसाची नसते, असे त्यांचे मत.

उल्हासनगर चार नंबरमधील एक सिंधी आजी मुलाकडे पुण्याला कायमच्या राहायला निघाल्या होत्या. सुनेला दमा, त्यामुळे त्यांच्या सात वर्षांच्या मांजरीला घर हवे होते. वडिलांना आम्ही तिला आधी भेटवले, आणि पंधरा दिवसांच्या बोलीवरच ती घरी आली. त्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारले. त्या गोळ्यांमुळे साधा ओरखडाही बराच वेळ वाहतो. नखे कापून घेतली, लसीकरणाचे पुस्तक तपासले. तरीही चावा किंवा ओरखडा आल्यास साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, हे ठरलेले आहे. वाळूचा ट्रे बुटक्या बाकावर ठेवला, म्हणजे वडिलांना वाकावे लागत नाही. गळ्यात घुंगरू आणि बोळात रात्रीचा दिवा आहे.

याहून अवघड प्रश्न वडिलांनीच काढला : मी रुग्णालयात गेलो तर हिचे काय? पुढेमागे हिला माझ्या घरी न्यायचे, हे आम्ही कागदावर लिहून त्याची प्रत शेजाऱ्यांकडे दिली आहे. महालक्ष्मी एक्स्प्रेस २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, तो पाऊस येथील कोणी विसरलेले नाही. तेव्हा मांजर न्यायची टोपलीही दाराजवळच असते.

पंधरा दिवसांची मुदत संपली, तेव्हा तिचे नाव निघाले नाही. ती मराठीला फारशी दाद देत नाही. वडील तिला ‘अचु, अचु’ म्हणून सिंधीत बोलावतात, आणि रविवारी संध्याकाळी पुण्याहून आजींचा फोन आला की तो तिच्या कानाशी धरून बसतात.