गाडी रात्री कुठे उभी राहते?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत पाण्याची टाकी, गळकी गच्ची आणि थकबाकी हे तीन विषय ठरलेले असतात. गेल्या वर्षी चौथा विषय आला आणि बाकीचे तिन्ही मागे पडले. पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करायची की नाही, हा तो विषय. अर्ज माझा होता. कर्वेनगरहून टिळक रोडजवळची शाळा, परतताना मंडई किंवा आईकडे एखादी चक्कर, एवढंच माझं रोजचं जाणं-येणं. जुनी पेट्रोल स्कूटर आता थकली होती आणि पुढची इलेक्ट्रिक घ्यावी असं मनात होतं. पण दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली वायर सोडणं मला पटत नव्हतं, म्हणून रीतसर परवानगी मागितली.

एका बोर्डासाठी दीड तास वाद होईल असं वाटलं नव्हतं. वाद मात्र चांगला झाला, कारण बोलणारे अनुभवाचं बोलत होते. पुण्यात ते साहजिक आहे. किर्लोस्करांची ऑइल इंजिनची कंपनी खडकीत १९४६ साली उभी राहिली. बजाजची चेतक १९७२ साली आली आणि तीच चेतक २०२० मध्ये विजेवर धावू लागली. सीएनजीवरची पहिली मोटरसायकलही बजाजनेच ५ जुलै २०२४ रोजी पुण्यात बाजारात आणली. सीटखाली दोन किलो गॅसचा सिलिंडर, जोडीला दोन लिटरची पेट्रोलची टाकी. इथेनॉलचे कारखाने उभारून देणारी प्राज ही कंपनी पुण्याची. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून हायड्रोजनवरची बस केली, ती २०२२ मध्ये इथेच लोकांसमोर आली. सभेत ज्या ज्या इंधनाचं नाव निघालं, त्यावर या शहरात कुणीतरी आयुष्य घालवलेलं आहे.

पहिले बोलले ते तळमजल्यावरचे काका. पिंपरीच्या एका कारखान्यात इंजिन असेंब्लीवर त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांना बॅटरीची भीती नव्हती, काळजी वेगळीच होती. ते म्हणाले, "भोसरीत जाऊन बघा. एका शेडमध्ये पिस्टनच्या रिंगा, शेजारच्या शेडमध्ये गिअर, पलीकडे सायलेन्सर. विजेच्या गाडीत यातलं फारसं काही लागत नाही. नाना पेठेतली स्पेअर पार्टची दुकानं, कोपऱ्यावरचे गॅरेजवाले, या सगळ्यांचं काय करायचं?" सभेत त्यावर कुणाकडे चटकन उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. इंजिनातल्या हलत्या भागांच्या मानाने मोटरमध्ये भाग फारच थोडे, त्यामुळे हातांना काम कमी, हे खरंच आहे. भोसरीतल्या लहान शेडना मोटरची, कंट्रोलरची, चार्जरची कामं मिळतील अशी व्यवस्था वेळेत झाली नाही, तर पुण्याची हवा सुधारेल आणि पुण्याच्याच काही घरांतली चूल थंडावेल. विजेच्या गाडीची बाजू घेताना मी हे आजही बाजूला ठेवत नाही.

मग काकांनी दुसरा मुद्दा काढला. "धूर तुमच्या मागून निघत नाही, चंद्रपूरला निघतो." महाराष्ट्राची बरीचशी वीज कोळशावर होते, चंद्रपूर, कोराडी, भुसावळ इथल्या लोकांच्या छातीत तो धूर जातो. या मुद्द्यावर मी घरून आकडेमोड करून आले होते. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माझी जुनी स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर द्यायची, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५० ग्रॅम. इलेक्ट्रिक स्कूटर एका युनिटवर तीसएक किलोमीटर चालते. देशातली वीज सरासरी युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. त्या हिशेबाने किलोमीटरला २५ ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे कोळसा धरूनही निम्मं. पेट्रोलच्या इंजिनात इंधनातली पाऊण ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, मोटरमध्ये फारच थोडी जाते. सगळा फरक तिथे आहे. शिवाय वीजनिर्मितीत सौर आणि पवनऊर्जेचा वाटा वाढेल तसा रस्त्यावर आधीच असलेल्या इलेक्ट्रिक गाडीचाही आकडा खाली येईल. पेट्रोलच्या गाडीला ती सोय नाही.

पैशांचा हिशेब मी तितक्याच काटेकोरपणे मांडला. पेट्रोल शंभरीपार गेल्यापासून जुन्या स्कूटरला किलोमीटरला सव्वादोन रुपयांच्या वर पडत होते. विजेला आमच्या बिलातला वरच्या टप्प्याचा दर धरला तरी साठ-पासष्ट पैसे. पण बॅटरी पुढे कधीतरी बदलावी लागणार आणि तिला पन्नास-साठ हजार लागणार, हे शोरूममध्ये आपणहून कुणी सांगत नाही. ती साठ हजार किलोमीटर चालली तर किलोमीटरला रुपया त्यात वाढतो. तरीही फरक उरतो, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. २०२३ च्या जूनमध्ये केंद्राचं दुचाकींवरचं अनुदान बरंच कमी झालं, तेव्हा हे गणित आणखी आवळलं. ज्याची गाडी दिवसाला सात-आठ किलोमीटरच फिरते, त्याने केवळ पैसे वाचवण्यासाठी इलेक्ट्रिक घेऊ नये, असं मी सभेत स्पष्ट सांगितलं.

आगीचा विषय निघणारच होता. मार्च २०२२ मध्ये लोहगावात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला होता आणि तो व्हिडिओ प्रत्येकाने पाहिलेला. त्या उन्हाळ्यात देशभर तशा घटना घडल्या आणि त्यानंतर बॅटरीचे नियम कडक झाले. एआयएस-१५६ या मानकातल्या सुधारणा डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. ही मानकं प्रसिद्ध करणारी एआरएआय ही संस्था आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, वेताळ टेकडीवर आहे. नियम कडक झाले म्हणून धोका शून्य झाला असं नाही, पण घरगुती जुगाड करून केलेलं चार्जिंग हाच सगळ्यात मोठा धोका आहे. सोसायटीने नाही म्हटलं तर लोक खिडकीतून वायर सोडणारच, ही गोष्ट सभेला शेवटी पटली.

तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ मूळचे इंदापूरकडचे. गावी भावाचा ऊस आहे. ते इथेनॉलच्या बाजूने बोलले आणि कळकळीने बोलले. "साखर विकून कारखान्याकडे पैसा यायला वर्ष जातं. इथेनॉलचा पैसा तेल कंपन्यांकडून लवकर येतो, म्हणून आमची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला किमान दर, वेळेवर मिळते. तुमचं पेट्रोल अरबांकडे पैसा नेतं, आमचं इथेनॉल इंदापुरात ठेवतं." पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायला २०२३ मध्ये सुरुवात झाली आणि आता बहुतेक सगळ्या पंपांवर तेच मिळतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं कमी होतं. ते त्यांनाही मान्य होतं. मी पाण्याचं विचारलं. उसापासून एक लिटर इथेनॉल करायला अडीच हजार लिटरहून अधिक पाणी लागतं, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. ते थोडं थांबले. मग म्हणाले, "कमी पावसाच्या वर्षी आमच्याकडे टँकर येतो, हेही खरं." २०२३ च्या डिसेंबरमध्ये ऊस कमी पडेल म्हणून सरकारने रसापासून इथेनॉल करायला आडकाठी घातली होती. पावसावर अवलंबून असलेलं इंधन एखाद्या वर्षी असं दगा देतं. मळीपासून जेवढं होईल तेवढं जरूर करावं, पण गाड्यांसाठी उसाचं क्षेत्र वाढवू नये, इथवर आमचं दोघांचं एकमत झालं.

ठराव मंजूर झाला. खर्च ज्याचा त्याने करायचा, प्रत्येकाला स्वतंत्र सबमीटर, आणि काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच. घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करायला केंद्राच्या नियमांप्रमाणे वेगळी परवानगी लागत नाही, हेही सभेपुढे ठेवलं.

खरं शिक्षण मला इलेक्ट्रिशियनने दिलं. आमची इमारत १९८०च्या दशकातली. मीटरच्या खोलीत बल्बच्या उजेडात त्याने आधी मल्टिमीटर लावला आणि न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये किती व्होल्टेज आहे ते बघितलं. दोन-तीनच्या वर जायला नको होतं. काटा वीसच्या पुढे गेला. "ताई, अर्थिंग मेलंय. आधी खड्डा बघू." कुंपणाच्या भिंतीपाशी मोटरसायकलींच्या मागे दबलेलं लोखंडी झाकण सापडलं. आतली माती कोरडी ठणठणीत, पट्टी गंजून हातात आली. त्याने खड्डा मोकळा केला, नवी पट्टी जोडली, कोळसा आणि मीठ थराथराने भरलं आणि वरून बादल्या ओतल्या. मग पुन्हा मीटर लावला तेव्हा चेहरा खुलला. सोळा ॲम्पिअरचा बोर्ड त्याने माझ्या खांद्याच्या उंचीवर बसवला. कारण विचारलं तर म्हणाला, "एकतानगरी आठवतेय ना?" २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. आमच्याकडे नदीचं पाणी येत नाही, पण पार्किंगमध्ये पावसाचं तुंबतं. इतकी वर्षं अख्खी इमारत मेलेल्या अर्थिंगवर गीझर आणि वॉशिंग मशीन चालवत होती. चार्जिंगच्या निमित्ताने ते उघडकीला आलं.

स्कूटर आली आणि माझ्यापुरता प्रश्न सुटला. रात्री प्लग लावायचा, सकाळी काढायचा. चांदणी चौकाचा चढ मागे माणूस बसवून चढताना बॅटरीची टक्केवारी भराभर उतरते आणि उताराला थोडी परत मिळते, एवढं लक्षात ठेवलं की शहरात अडचण येत नाही.

शहराचा प्रश्न मात्र मला एका रिक्षावाल्या दादांनी दाखवला. आईला दवाखान्यात न्यायला मी त्यांनाच बोलावते. एकदा परतताना गॅस संपत आला म्हणून आम्ही सीएनजीच्या रांगेत थांबलो. रांग पंपाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेने मागे गेलेली. ते म्हणाले, "दिवसाचा तासभर इथे जातो. आपला नंबर येईपर्यंत प्रेशर उतरलं की टाकी अर्धीच भरते आणि संध्याकाळी परत रांग." तरी सीएनजीला ते नावं ठेवत नव्हते. पेट्रोलच्या काळापेक्षा हातात जास्त उरतं, किलोला पस्तीसेक किलोमीटर मिळतात, दर तीन वर्षांनी सिलिंडरची तपासणी केली की झालं. मी इलेक्ट्रिक रिक्षाचं विचारलं. त्यांनी हिशेब केलेला होता, अगदी हप्त्यापर्यंत. विजेवरचीच परवडते, हेही त्यांना माहीत होतं. "पण ताई, लावू कुठे?" ते पर्वतीच्या उतारावर जनता वसाहतीत राहतात. घर वर, बोळातून चढून जायचं. रिक्षा खाली रस्त्यावर, जागा मिळेल तिथे. तिथे प्लग नाही, आणि असता तरी रात्रभर वायरवर पहारा कोण ठेवणार?

तेव्हा माझ्या डोक्यातला सगळा वाद एका प्रश्नाशी येऊन थांबला. कुणी कोणतं इंधन निवडायचं हे आता मायलेजवर ठरत नाही, गाडी रात्री कुठे उभी राहते यावर ठरतं. माझ्याकडे पार्किंग आहे म्हणून मला साठ पैशांत किलोमीटर मिळतो. दादांची रिक्षा माझ्या स्कूटरच्या कितीतरी पट फिरते, धूर कमी व्हायचा तर आधी तिचा व्हायला हवा, आणि तिच्यासाठीच सोय नाही. पेठांतल्या वाड्यांत, दांडेकर पुलाजवळ, येरवड्याच्या वस्त्यांत हजारो दुचाकी रात्री रस्त्यावर उभ्या असतात. त्या सगळ्यांना "इलेक्ट्रिक घ्या" म्हणणं सोपं आहे.

म्हणून इंधनांत उजवं-डावं करत बसण्यापेक्षा ज्याचं त्याचं काम ठरवावं असं मला वाटतं. ज्याला पार्किंग आहे आणि रोजचं अंतर ठरलेलं आहे, त्याने वीज घ्यावी. लांबच्या मालट्रकांसाठी हायड्रोजनचं संशोधन चालू राहावं. पण विजेपासून हायड्रोजन आणि त्यापासून पुन्हा वीज करताना जेमतेम तिसरा हिस्सा हाती लागतो, तेव्हा शहरातल्या स्कूटरला तो नको. सीएनजी हा रिक्षांसाठी आजचा चांगला मुक्काम आहे, शेवटचा नव्हे. आणि सगळ्यांत आधी बस. फेब्रुवारी २०१९ मध्ये पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस सुरू झाल्या, भेकराईनगर आगारात चार्जर लागले, आणि ज्याच्या घरी प्लग नाही अशा माणसालाही तिकिटाच्या पैशांत विजेवरचा प्रवास मिळाला. पार्किंगचा प्रश्न बस आपल्यापुरता सोडवून टाकते, कारण ती आगारात झोपते.

पार्किंग शुल्काचा, रस्तारुंदीचा विषय निघाला की महापालिका सूचना मागवते. मी माझी लिहून दिली आहे: रिक्षा स्टँडवर आणि वस्त्यांच्या तोंडाशी राखणदार असलेली रात्रीची चार्जिंगची जागा, दर घरगुती विजेइतका, आणि पहिला हक्क रिक्षावाल्यांचा. खांद्याच्या उंचीवरचा एक बोर्ड, जिवंत अर्थिंग आणि स्वतंत्र मीटर एवढंच लागतं, हे आम्ही आमच्या जुन्या इमारतीत करून पाहिलं आहे. आमच्या सोसायटीला जे एका सभेत जमलं, ते शहराने आपल्या रस्त्यावर करायला हवं.