टेम्पोला गॅसची फोडणी

पोलादपूरच्या माणसाला गणित यावं लागतं ते घाटामुळे. महाडकडे गाडी कुणाचीही पळते. कशेडीलाही 2023 च्या गणपतीत बोगद्यातून वाट झाली. पण महाबळेश्वर गाठायचं तर आंबेनळी काही चुकत नाही. आमच्या मेहुण्यांचा टेम्पो त्या घाटात काळा धूर ओकत अशा बेतानं चढतो, की रस्त्याकडेच्या म्हशी कीव करून बघतात. हप्ते अजून फिटायचेत, ते वेगळंच.

तर एके दिवशी मेहुणे रबरी नळी गळ्यात घालूनच आले.

"भावजी, टेम्पोला गॅस द्यायचा! हवा ओढायच्या नळीत थोडा सोडायचा. ताकद वाढते, डिझेल वाचतं."

यात तथ्य नाही असं नाही. डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन गृहस्थांनी 1897 साली चालवून दाखवलेल्या इंजिनात हवा दाबानंच इतकी तापते, की तेल फवारलं की पेट घेतं. गॅसला एवढं पुरत नाही. तो हवेबरोबर आत जाऊन मुकाट बसतो आणि डिझेल पेटलं की त्याच्यामागून पेटतो. म्हणजे वरण डिझेलचं, फोडणी गॅसची. मात्र फोडणी जास्त झाली तर गॅस भलत्या वेळी भडकतो, इंजिन ठोके देतं, पिस्टनला भोकही पडतं. आणि हे व्हायची भीती सर्वांत जास्त केव्हा, तर भरल्या गाडीनं चढ चढताना. म्हणजे ऐन आंबेनळीत.

शिवाय 14.2 किलोच्या सिलिंडरात ऊब साधारण 18 लिटर डिझेलाची. डिझेल वाचलं हे जो तो सांगतो, गॅस किती गेला ते कुणी बोलत नाही. सासुरवाडीला जेवून 'घरी अन्नच लागत नाही' म्हणण्यापैकी हे.

"सिलिंडर कुठला लावणार?" आमच्या हिनं विचारलं. मेहुण्यांची नजर स्वयंपाकघराकडे गेली.

"हात लावून बघ! घरचा सिलिंडर गाडीला लावायला 2000 सालच्या सरकारी हुकमानं बंदी आहे." मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि अरे, रात्रीचा घाटात ते धूड पाठीशी घेऊन गेलास, तर मी इथं झोपू कशी?"

मेहुणे पहिल्यांदाच गप्प झाले. तरी दुसऱ्या दिवशी महाडच्या मिस्त्रीकडे गेलेच. मिस्त्रीनं नळीकडे बघितलंही नाही. आधी एअर फिल्टर उघडला. आत हायवेच्या कामाची एवढी धूळ, की एक वाफा सहज झाला असता. फिल्टर बदलला, नोझल साफ केले, आणि टेम्पो आंबेनळी धूर न सोडता चढला.

"बघितलंत भावजी?" मेहुणे विजयी मुद्रेनं म्हणाले. "गॅस लावणार म्हटल्यावर नुसत्या धाकानं सुधारला!"