पळीभर तेल

एखाद्या घरी जेवायला जावं, पानातला एखादा पदार्थ मनापासून आवडावा आणि उठताना सहज विचारावं, "वहिनी, हे कसं केलंत हो?" वहिनींचा चेहरा खुलतो. त्या सांगतात, आपण कान देऊन ऐकतो, घरी येऊन तसंच करतो आणि होतं ते भलतंच! मग स्वयंपाकघरात एकच शेरा उमटतो, "नक्की काहीतरी गाळलंय तिनं." या संशयानं आमच्या दोन घरांत चांगला अकरा वर्षं मुक्काम ठोकला होता. त्याची ही हकिगत.

माझं माहेर सातारा आणि सासर सांगली. मध्ये एसटीचे तीन-साडेतीन तास. तशी ही दोन्ही गावं नात्यातलीच म्हणायची. जुन्या सातारा जिल्ह्याचे काही तालुके आणि सांगली, मिरज, जत अशा संस्थानांचा मुलूख एकत्र करून १९४९ साली 'दक्षिण सातारा' जिल्हा निघाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली झालं. कृष्णा तर काय, माहुलीला वेण्णेला पोटाशी घेते, कऱ्हाडला कोयनेला भेटते आणि मग सांगलीच्या घाटावर येते. पाणी एक, पण चुली निरनिराळ्या! साताऱ्याला पाहुण्याच्या हातावर कंदी पेढा पडतो. सांगलीला लसणीचा खमंग वास सोडणारं भडंग पुढं येतं. तिकडं कोरेगावच्या बाजूचा वाघ्या घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे मिरवणारा. इकडं कृष्णाकाठची वांगी, आणि हळदीचा तर बाजारच. सून म्हणून सांगलीत आले तेव्हा मला वाटलं, आता दोन्ही घरची चव माझ्या पदरात.

सासरी एक वही आहे. तिची सुरुवात आजेसासूबाईंनी केली. पुठ्ठा गेलेला, पानांना तेलाचे डाग, मोडीच्या सवयीचं गिचमीड बाळबोध अक्षर. प्रत्येक कृतीच्या डोक्यावर, ज्या बाईनं ती दिली तिची खूण : 'मिरजवाल्या वहिनींचा चिवडा', 'माहुलीच्या आत्यांच्या शेवया'. नाव कुणाचंच नाही. गाव आणि नातं, बस्स. मापं तर अशी, की आजच्या मुलींनी डोक्याला हात लावावा. मापटंभर तांदूळ, चिपटंभर डाळ आणि 'दोन आण्यांची खसखस'! दोन चिपट्यांचं मापटं आणि दोन मापट्यांचा शेर, इतकं मला माहेरच्या आजीमुळं ठाऊक होतं. पण दोन आण्यांची खसखस कोणत्या सालच्या भावानं घ्यायची? १९५७ साली नवे पैसे आले आणि आणे गेले. खसखस बिचारी वहीतच राहिली.

या वहीतली भाजणीची चकली सासूबाईंच्या हातची खावी. काटेरी, खुसखुशीत, दाताखाली हलकेच तुटणारी. लग्नानंतरची पहिली दिवाळी २००४ सालची. दिवाळसणाला आम्ही साताऱ्याला जाणार होतो. जावयाला आपल्या आईची चकली प्रिय, हे माझ्या आईला कळलं होतं. तिनं मला निरोप धाडला, "विहीणबाईंकडून कृती लिहून आण. त्यांना म्हणावं, तुमच्या लेकाला इथं परकं वाटू देणार नाही." सासूबाईंनी अगदी आनंदानं सांगितली आणि मी टिपून घेतली. चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, वाटीभर मूगडाळ, अर्धी वाटी उडीदडाळ, धने, जिरे. सगळं धुऊन, वाळवून, मंद आचेवर वेगवेगळं भाजून दळून आणायचं. मग चार वाट्या भाजणीला पळीभर कडकडीत तेलाचं मोहन.

नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आईनं कढई ठेवली. पहिली चकली तेलात सोडली आणि ती आमच्या डोळ्यांदेखत विरघळली. दुसरीही तशीच. कढईत नुसता तळलेला चुरा आणि वर फेस! जावई बाहेरच्या खोलीत, सोऱ्या आईच्या हातात आणि सोऱ्यापेक्षा घट्ट आवळलेले तिचे ओठ. शेवटी शेजारच्या काकूंकडून चकल्या मागून आणल्या. रात्री भांडी घासताना आई हळूच म्हणाली, "गाळलंय गं काहीतरी विहीणबाईंनी. लेकाला आपलीच चकली आवडावी, असं वाटलं असेल."

मी गप्प बसले. आज मला त्या गप्प बसण्याचीच जास्त लाज वाटते. सासूबाईंची बाजू घ्यावी तर आई दुखावते. सांगलीला येऊन विचारावं तर आईचा संशय उघडा पडतो. नव्या सुनेला मौन फार सोयीचं असतं. त्या दिवसापासून दोन्ही विहिणी एकमेकींशी गोड बोलत राहिल्या, डबे पाठवत राहिल्या, पण साताऱ्याहून चकलीबद्दल कधी शब्द निघाला नाही. सासूबाईंना तर यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या उलट दर वर्षी उत्साहानं विचारायच्या, "विहीणबाईंचा वाघ्या घेवडा काय सुरेख असतो! माझा मेला का जमत नाही?" आईनं त्यांना त्याची कृती कधीच सांगितली होती. तरी सांगलीच्या पातेल्यात पाणी एकीकडं आणि घेवडा एकीकडं. सासूबाई म्हणायच्या, "इथल्या पाण्याचाच दोष असणार." पाण्याला दोष देणारी माणसं भाग्यवान!

२०१५ सालच्या दिवाळीत सासूबाईंचं मनगट मोडलं. हात गळ्यात बांधून त्या पाटावर बसल्या आणि मी त्यांच्या देखरेखीखाली प्रथमच सांगलीच्या स्वयंपाकघरात चकल्यांना हात घातला. भाजणी चार वाट्या मोजली. "आता पळीभर तेल तापव," त्या म्हणाल्या. मी आमटी वाढायची पळी उचलली.

"अगं, ती नव्हे! सगळ्या चकल्या तेलात जातील. ही घे."

फळीच्या कोपऱ्यात फोडणीची इवलीशी लोखंडी पळी होती. मी दोन्ही पळ्या पाण्यानं भरून चमच्यानं मोजल्या. एकीत चार चमचे, दुसरीत अकरा. अकरा वर्षांचा सगळा संशय त्या सात चमच्यांत मावला होता! मोहन जास्त झालं की पीठ पिठाला धरत नाही आणि चकली कढईत विरघळते, हे कुणीही सुगरण सांगेल. सासूबाईंनी काहीही गाळलं नव्हतं. त्यांच्या लेखी पळी म्हणजे ती पळी. दुसरी असू शकते, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आईच्या लेखी पळी म्हणजे आमटीची. आणि दोघींच्या मधली लेखनिक होते मी! एकनाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत कशी शुद्ध केली, हे वर्गात तासभर सांगणारी, पाठभेदांवर मुलांचे गुण कापणारी मी, 'कोणती पळी?' एवढं विचारायला विसरले होते.

तेव्हा मला छापील पाकपुस्तकांचं मोल कळलं. तशी ती आपल्याकडं जुनी. 'सूपशास्त्र' १८७५ सालचं, लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणी-मित्र' १९१० सालचं. पण घराघरांत गेली ती कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा', १९७० सालची. कमलाबाई आमच्या सांगलीकडच्याच, कुंडलच्या. त्याच कुंडलच्या शेजारी किर्लोस्करवाडी, जिथून १९३० साली 'स्त्री' मासिक निघालं. कमलाबाईंनी कृती वाटी-चमच्यांत बसवल्या. वाटी कुणाची मोठी, कुणाची लहान. पण सगळं एकाच वाटीनं मोजलं की प्रमाण ढळत नाही. गडबड होते ती निम्मं वाटीनं आणि निम्मं पळीनं मोजल्यावर. आमचं नेमकं तेच झालं होतं.

त्याच रात्री मी आईला फोन केला. पळीची कथा ऐकून ती पोटभर हसली. मग बराच वेळ काहीच बोलली नाही.

"आई, आहेस ना?"

"आहे गं. विहीणबाईंना सांग, घेवडा शिजला की त्यातला मूठभर काढून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात वाटायचा. मग रस मिळून येतो."

"हे तू त्यांना सांगितलं नव्हतंस?"

"नव्हतं सांगितलं," आई म्हणाली. "त्या चकल्यांनंतर मला वाटलं, आपण तरी का सांगावं?"

म्हणजे गाळणारी बाई होती, पण ती सांगलीत नव्हती! मी निरोप पोचवला, कारणासकट. सासूबाईंना राग येईल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मग माझी पळीसुद्धा मीच दाखवायला हवी होती." पुढच्या दिवाळीत दोघी साताऱ्याच्या स्वयंपाकघरात शेजारी शेजारी बसल्या, चकल्या कुणाच्या आणि घेवडा कुणाचा, हे ओळखू येईना.

आई २०१९ साली गेली. सासूबाई आता ज्या गोष्टी विसरतात, त्यांत कालचा दिवसही असतो. परवा मी घेवडा केला होता. दोन घास खाऊन त्यांनी विचारलं, "कुणाची गं ही कृती? वहीत घेऊन ठेव."

मी वही काढली. आजेसासूबाईंच्या पद्धतीनं डोक्यावर लिहिलं, 'साताऱ्याच्या विहीणबाईंचा वाघ्या घेवडा'. त्याखाली सगळं लिहिलं; मूठभर घेवडा वाटायचाही. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या,

"मूठ कुणाची, ते लिही. नाहीतर पुढच्या बाईला वाटायचं, हिनं काहीतरी गाळलं."