चार तारा आणि दूरस्थ गुरू

पन्नाशीनंतर मी युकुलेले हाती घेतले. हवाई भाषेत या शब्दाचा रूढ अर्थ ‘उडी मारणारी पिसू’. भाषाभ्यासकाला मोह पडावा असाच! घराजवळ शिक्षक नसल्याने यूट्यूबकडे वळलो. तेथे पाठ उदंड. पण ‘एका दिवसात गाणे’ शिकवणारे मी वगळले. तुम्हीही पाहावे, शिक्षक आधी तारा जुळवून घेतो काय? ‘सी’ला षड्ज मानल्यास त्या प, सा, ग, ध अशा लागतात, आणि प्रचलित जुळणीत पहिलाच पंचम षड्जाहून उंच असतो. एवढेही न सांगणाऱ्या पाठावर वेळ दवडू नये. पं. भातखंडे यांच्या स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते; माझ्या वहीत मी तीच खूण करतो. मात्र पडद्यावरचा गुरू आपले चुकलेले बोट धरत नाही. एकट्याने स्वाध्याय सोडवणाऱ्या तुम्हांला हे वेगळे काय सांगावे? म्हणून मी रोजचे वादन मोबाइलवर मुद्रित करतो आणि मूळ पाठाशी ताडून ऐकतो.