सुटलेले चार टाके

१/ गेल्या सुट्टीत विणकामाच्या सुया घेऊन आयर्लंडच्या अरन बेटांवर गेले. दिवसा समुद्रकड्यांवरून पायपीट, सायंकाळी फिडलचे सूर आणि हातात लोकर.

२/ तेथे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी; बुडालेला मच्छीमार स्वेटरवरून ओळखला जाई, ही कथा मी वर्षानुवर्षे सांगत आले होते. तिला ऐतिहासिक आधार नाही. हा नक्षीदार स्वेटरच मुळी विसाव्या शतकातला.

३/ कथेचे मूळ बहुधा जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या १९०४ च्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात आहे. त्यात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा ओळखते, तो घराण्याच्या नक्षीवरून नव्हे. विणताना स्वतःच्या हातून सुटलेल्या चार टाक्यांवरून.

४/ दंतकथा गेल्याची हळहळ तिथेच ओसरली. ओळख कुळाची नव्हती, विणणाऱ्या हाताची होती.